टाकीला स्वेटर, पाइप उघडा!

डिसेंबरची सकाळ. वेळ पावणेसहा. ठिकाण : आमच्या हॉस्टेलचा दुसरा मजला. बादल्यांची लाइन लागलेली, नळ सोडलेला आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "आलं का गं गरम?" उत्तर ठरलेलं, "अजून नाही!" तोवर एक बादली गार पाणी मोरीत गेलेलं असतं. मग कुणीतरी कंटाळून म्हणतं, "जाऊ दे, आपला रॉड बरा."

हा 'आपला रॉड' म्हणजे बादलीत सोडायचा इमर्शन रॉड. हॉस्टेलमध्ये बंदी असलेला आणि म्हणूनच प्रत्येक तिसऱ्या कपाटात सापडणारा. मागच्या हिवाळ्यात एका ज्युनिअरने रॉड चालू असताना पाणी किती तापलं ते बघायला बादलीत बोट घातलं. थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी खोल्या तपासल्या, रॉड जप्त झाले, नोटीस लागली, दंडाची रक्कम ठरली. सगळं झालं. फक्त एक गोष्ट कुणी केली नाही. गच्चीवर जाऊन बघितलं नाही की सोलर असूनसुद्धा मुलींना रॉड का लागतो!

मी आणि माझी रूममेट गेलो. (दोघी टी.ई. मेकॅनिकल, त्यामुळे पान्याला घाबरत नाही.) टाकी उत्तम होती. आत स्टील, बाहेर पत्रा आणि मध्ये पफचा जाड थर. रात्री हात लावला तर बाहेरून गार लागली, म्हणजे उष्णता आतच होती. पण टाकीतून निघणारा पाइप? एक इंची जी.आय. पाइप गच्चीभर फिरून खाली बाथरूमपर्यंत आलेला, लांबी चाळीसेक मीटर, आणि जवळजवळ सगळा उघडा. कधीकाळी त्यावर काळा फोम होता. जळगावच्या उन्हाने तो दोन-तीन वर्षांत भुगा केला, उरलेला कावळ्यांनी घरट्यासाठी नेला. टाकीला स्वेटर घातलाय आणि हात-पाय उघडे ठेवलेत, असा प्रकार!

आता थोडी आकडेमोड. घाबरू नका, व्हायवा नाही घेत! बाहेर १० अंश आणि पाइपात ५० अंशाचं पाणी धरा. वाऱ्यावरचा उघडा एक इंची पाइप दर मीटरला साधारण ६० वॉट उष्णता घालवतो. चाळीस मीटरला झाले जवळपास अडीच किलोवॉट, म्हणजे एक मोठा गिझर सतत गच्चीवरची हवा तापवतोय. त्याच पाइपावर इंचभर चांगलं इन्सुलेशन घातलं तर हाच आकडा अर्ध्या किलोवॉटच्या आत येतो. सकाळचे दोनच तास धरले तरी चार युनिटचा फरक.

दुसरा हिशोब पाण्याचा. एक इंची पाइपात मीटरला अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. चाळीस मीटरला वीस-बावीस लिटर. हे पाणी उघड्या पाइपात ५० वरून ३५ अंशांवर यायला वीसेक मिनिटं पुरतात. म्हणजे दोन मुलींच्या आंघोळीत थोडा खंड पडला की पुन्हा बादलीभर पाणी मोरीत. गुंडाळलेल्या पाइपात त्याच घसरणीला दोन तास लागतात. खरं सांगायचं तर रात्रभराच्या थंडीपुढे गुंडाळलेला पाइपसुद्धा हरतो, पहिली बादली गारच येणार. पण एकच बादली. आत्ता सकाळभरात पाच-सहा जातात. आमच्या घरी, धुळ्याला, नळाला रोज पाणी येत नाही. आई भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडांना घालते. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही.

"इन्सुलेशनने काय होणार, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो," असं एका सरांनीच हसून म्हटलं. सर, बर्फ नाही पडत, पण धुळ्याचा पारा थंडीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात जळगाव ४५ च्या पुढे जातं. तेव्हा हीच मंडळी गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं म्हणून ओरडतात. इन्सुलेशनला गरम आणि गार यातला फरक कळत नाही. ते फक्त उष्णतेची वाट अडवतं, बाहेर जाणारीही आणि आत येणारीही. खान्देशाइतकी त्याची गरज कुणाला असेल?

ब्रिटनमध्ये काचा धुणारे लोक व्हॅनमध्ये पाण्याची टाकी आणि लांबलचक नळी घेऊन फिरतात. थंडीत काही जण गरम पाणी वापरतात. त्यांनी नुसती टाकी भोवतीने गुंडाळली तर भागत नाही. झाकणावरून आणि खालच्या गार लोखंडी पत्र्यातूनही उष्णता निसटते, आणि पुढे नळीत पाणी निवतं ते वेगळंच. मुद्दा आपलाच आहे : जिथे उघडं राहिलं, तिथून उष्णता गेली. आपल्याकडे गिझरवरचे स्टार बघून आपण तो घेतो. ते स्टार कशाचे असतात? तापवलेलं पाणी न वापरता चोवीस तास नुसतं ठेवलं तर किती वीज वाया जाते, याचे. म्हणजे ते मार्क मुख्यतः इन्सुलेशनलाच असतात!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इन्सुलेशनची व्याख्या मला इंग्रजीत पाठ होती. अर्थ मात्र आजीने सांगितला. ती तापलेल्या पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवून वरून जुनी गोधडी टाकायची. मी विचारलं, गोधडी काय पाणी तापवते का? ती म्हणाली, "माय, गोधडी ऊब देत नही व, ऊब धरी ठेवस." आमच्या हीट ट्रान्स्फरच्या पहिल्या तीन लेक्चर्सचं सार! कापूस काय, ग्लासवूल काय, फोम काय, खरं काम त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा करते. म्हणून ते ओलं झालं की संपलं. हवेच्या जागी पाणी शिरतं आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

मग करायचं काय? फंड नाही, टेंडर नाही, ही उत्तरं आम्हाला माहीत आहेत. पण आपण बसलोय कुठे? भोवती कापसाचा मुलूख आणि जळगावची एमआयडीसी चटयांसाठी प्रसिद्ध. पाइपावर जुन्या गोधड्यांच्या पट्ट्या दोन-तीन थरांत सैलसर गुंडाळायच्या (घट्ट आवळल्या तर हवाच निघून जाते), त्यावर प्लास्टिकचा कागद पाऊस अडवायला आणि सगळ्यात वर प्लास्टिकची चटई ऊन झेलायला. वर्षाने चटई बदलायची. कॉलेजला जमलं तर फोम आणि ॲल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे कावळ्यांचाही बंदोबस्त. नाही जमलं तर गोधडी आहेच.

परीक्षेत आपण सगळे क्रिटिकल रेडियसचं गणित सोडवतो. या पाइपासाठी तो येतो दोन-अडीच मिलिमीटर, आणि पाइपाची स्वतःची त्रिज्याच सोळा-सतरा. म्हणजे इन्सुलेशन घालून नुकसान होण्याची भीती इथे नाहीच. दरवर्षी शंभर जण हे गणित सोडवून मार्क घेतात आणि त्याच पाइपाखाली कुडकुडत उभे राहतात. हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे ना?

रॉड जप्त करणं बरोबरच होतं. पण रॉड हा आजार नाही, लक्षण आहे. आजार गच्चीवर आहे, चाळीस मीटर लांब. येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी आम्ही दोघी गच्चीवर जाणार आहोत. रेक्टर मॅडमची परवानगी मागितली आहे. ज्यांच्या घरी जुनी गोधडी असेल त्यांनी घेऊन या. ब्रँचची अट नाही!