तातडीच्या खरेदीचा हिशेब मागूया : नागरिकांना जाहीर आवाहन



जून २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने दहशतवादविरोधी मोहिमांसाठी तातडीच्या खरेदीचे १३ करार जाहीर केले. एकूण रक्कम १,९८१ कोटी ९० लाख रुपये. त्यात ड्रोन आहेत, ड्रोन पाडणारी यंत्रणा आहे, बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट आहेत, रायफलीवर बसवायच्या रात्रीच्या दुर्बिणी आहेत. या वस्तू जवानांच्या हाती लवकरात लवकर पडाव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. करार झाल्याचे सरकारने सांगितले, हे चांगले झाले. पण माल ठरल्या तारखेला पोचला का, तपासणीत उतरला का, उशीर झाला असेल तर पुरवठादाराकडून दंड वसूल केला का, हेही कळले पाहिजे. ते आपण मागावे, यासाठी हे आवाहन आहे.

संरक्षण खात्याच्या नेहमीच्या खरेदीत निविदा, चाचण्या आणि किमतीची बोलणी यांत वर्षे जातात. शत्रू समोर असताना तेवढी सवड नसते, म्हणून नियम शिथिल केले जातात. ते योग्यच आहे. मात्र नेमक्या याच काळात ज्यांना पैसे खायचे आहेत त्यांचे फावते. चाचणी वगळली जाते, एकाच पुरवठादाराचा भाव मान्य होतो आणि फाइलवर 'तातडीचे' असा शेरा पडला की पुढे कोणी विचारत नाही.

हे आपल्याकडे पहिल्यापासून घडत आले आहे. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप मागवल्या गेल्या. भारतात उतरलेल्या १५५ जीप लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. सात वर्षे गदारोळ झाला आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण संपल्याचे जाहीर केले.

कारगिलचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'ऑपरेशन विजय'साठी केलेल्या खरेदीची तपासणी भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने केली. २००१ च्या डिसेंबरात अहवाल संसदेसमोर आला. दोन हजार कोटींहून अधिक रकमेच्या या खरेदीपैकी सुमारे १,७६२ कोटींचा माल लढाई थांबल्यानंतर आला, असे त्यात नमूद आहे. काही करारांवर तर सह्याच लढाई संपल्यावर झाल्या. खर्च झालेला साठा भरून काढायचा होता असे मानले, तरी त्यासाठी नेहमीचे नियम बाजूला ठेवण्याची गरज काय होती?

याच अहवालात अ‍ॅल्युमिनियमच्या शवपेट्यांची नोंद आहे. शहीद जवानाचा देह सन्मानाने घरी पोचावा म्हणून अमेरिकेतील एका कंपनीकडून ५०० पेट्या मागवल्या गेल्या. एका पेटीची किंमत २,५०० डॉलर. करार झाला ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे २६ जुलैला विजय जाहीर झाल्यानंतर. पहिल्या १५० पेट्या आल्या मार्च २००० मध्ये. पेटीचे वजन १८ किलो असायला हवे होते, भरले ५५ किलो. त्या पेट्या वापरताच आल्या नाहीत. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्यापैकी एकाच्याही देहाला त्या पेटीचा उपयोग झाला नाही.

पुढे सीबीआय चौकशी झाली, आरोपपत्र दाखल झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने लष्करी अधिकाऱ्यांना पुराव्याअभावी आरोपमुक्त केले. न्यायालयाचा निर्णय आपण मानला पाहिजे. पण करारापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. जे निर्दोष होते ते तोवर संशयाखाली जगले आणि सरकारचे पैसे पाण्यात गेले ते गेलेच. हिशेब वेळेवर झाला असता तर दोन्ही टळले असते.

'युद्धकाळात असले प्रश्न विचारू नयेत,' असे काही जण म्हणतील. त्यांनी युक्रेनकडे पाहावे. जानेवारी २०२३ मध्ये, रशियाची क्षेपणास्त्रे शहरांवर पडत असताना, तिथल्या एका पत्रकाराने सैन्याच्या जेवणाचा करार उघड केला. बाजारात सुमारे सात रिव्नियाला मिळणारे अंडे त्यात सतरा रिव्नियाला लावले होते. संरक्षण उपमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. शस्त्रे सोडून इतर मालाच्या किमती जाहीर करण्याचा कायदा झाला. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्रीही बदलले. युक्रेनचे सैन्य मात्र लढतच राहिले.

आपल्याला क्षेपणास्त्रांची संख्या किंवा तुकड्यांची ठिकाणे नकोत. ती गुप्तच राहावीत. आपल्याला हव्यात तारखा, तपासणीचे निकाल आणि दंडाचे आकडे. त्यासाठी प्रत्येकाने एवढे करावे :

१. आपल्या खासदारांना पत्र लिहा. तातडीच्या प्रत्येक कराराचा पूर्तता अहवाल वर्षभरात संसदेत मांडावा, अशी मागणी त्यांनी सभागृहात करावी, असा आग्रह धरा. आपले खासदार लोकलेखा समितीवर असतील, तर त्यांची जबाबदारी दुप्पट आहे.

२. कॅगचे संरक्षणविषयक काही अहवाल संसदेत मांडले जातात, पण संकेतस्थळावर चढवले जात नाहीत. संसदेत मांडलेला अहवाल लोकांना वाचता आलाच पाहिजे, ही मागणी त्याच पत्रात करा.

३. माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. 'सुरक्षेचे कारण' सांगून नकार आला तर अपील करा. कलम ८ च्या उपकलम २ नुसार, व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. कलम १० नुसार गुप्त भाग वगळून उरलेला द्यावा लागतो.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुराव्याशिवाय पुढे ढकलू नका. कागद हाती नसताना कोणावरही आरोप करू नका.

ही जबाबदारी महाराष्ट्रावर अधिक आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावात घरटी माणूस फौजेत जातो. राज्यात २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला, त्यामागच्या लढ्याचे नेतृत्व अण्णा हजारे या माजी सैनिकाने केले होते. सीमेवर आपली मुले पाठवणाऱ्या आणि प्रश्न विचारण्याचा हक्क झगडून मिळवणाऱ्या या राज्याने आता गप्प बसू नये.

ध्वजदिन निधीच्या डब्यात आपण पैसे टाकतो, कर तर रोजच भरतो. तो पैसा जवानापर्यंत चांगल्या मालाच्या रूपात आणि वेळेवर पोचतो की नाही, हे पाहणे आपलेच काम आहे. संसदेच्या पुढच्या अधिवेशनापूर्वी आपल्या खासदाराला एक पत्र आणि संरक्षण मंत्रालयाला माहिती अधिकाराचा एक अर्ज, एवढे प्रत्येकाने नक्की करावे, ही कळकळीची विनंती.