ब्रँडेड की असेंबल? (उर्फ हिंगणघाटचं डबडं)

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये परत तोच वाद झाला. टीममधल्या एकाला गेमिंग पीसी घ्यायचाय. मी म्हटलं, असेंबल कर. त्यावर आमचा एक सिनिअर, जो चहासुद्धा ॲपवरून मागवतो, माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याला जात्यावर दळायला बसवतोय. "अरे, तुझा तासाचा रेट काय? दोन दिवस स्क्रू पिळत बसणार? ब्रँडेड घे, वॉरंटी असते, विषय संपला. आणि रॅमचे भाव बघितलेस का?"

मला तोंडी भांडता येत नाही. मुद्दे नेहमी हात धुताना आठवतात. म्हणून हे इथे.

आधी रॅमचं मान्य करून टाकतो. २०२५ च्या शेवटी एआयवाल्यांच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशिअल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ज्या कंपनीने जुन्या भावात माल भरून ठेवलाय, तिचा तयार पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. पडू दे. 'असेंबल म्हणजे स्वस्त' ही कॉलेजपासूनची पोपटपंची आपण आता सोडलेली बरी. माझा प्रश्न दुसराच आहे. बिघडल्यावर तो पीसी कोणाचा असतो?

मी वर्ध्याचा. काका हिंगणघाटला, शेती कापसाची. जून २०२४ मध्ये चुलतभावाने एका नावाजलेल्या कंपनीचा गेमिंग पीसी ऑनलाइन मागवला. ७८ हजार. पैसे कापसाचे. (गेमच खेळायचे होते. 'अभ्यासासाठी' वगैरे उगाच म्हणत नाही.) मला त्याने विचारलं होतं आणि मी पुण्यात डेडलाइनमध्ये अडकलेलो, "घे, चांगला ब्रँड आहे" म्हणून मोकळा झालो. म्हणजे त्या दिवशी तो कँटीनमधला सिनिअर मीच होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये फोन. "दादा, लाइट गेली अन् आली, पन हे काही चालूच नाही होऊन रायलं." वॉरंटी एक वर्षाची, ती जूनमध्येच संपलेली. मी फोनवरून ऐट मारली, एसएमपीएस गेला असेल, नागपूरला बर्डीवरून नवीन आण आणि लाव. तो बिचारा गेला, घेऊन आला, कॅबिनेट उघडलं, तर मदरबोर्डवरचा पॉवरचा कनेक्टरच वेगळा! बाजारातला कोणताही एसएमपीएस त्यात बसत नाही, कारण तो बसू नये अशीच रचना. मग कंपनीचं कॉल सेंटर. एक दाबा, दोन दाबा, तिकीट नंबर, 'इंजिनीअर आपल्याला संपर्क करेल'. तेवीस दिवसांनी अंदाजपत्रक आलं, एसएमपीएस आणि मदरबोर्ड मिळून २१ हजार. तासाचा रेट लावायचाच असेल तर त्या तेवीस दिवसांना लावा ना!

काका फक्त एवढंच म्हणाले, "कापूस इकून आनलं बाप्पा हे डबडं. अन् तू इंजिनीअर हायेस न घरात?"

हे फार लागलं.

आता जरा तांत्रिक, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. आपण यूट्यूबवर जे रिव्ह्यू बघतो त्यातली खोली असते एकवीस-बावीस अंशांची. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, ते फक्त खोलीच्या हवेत उष्णता टाकतात. म्हणजे टिनाच्या छताखालच्या ४० अंशांच्या खोलीत तीच चिप रिव्ह्यूपेक्षा अठरा-वीस अंश जास्त तापणार, आणि एका मर्यादेनंतर स्वतःचा वेग कमी करणार. एसएमपीएसवरचं ते '८० प्लस'चं लेबलही २३ अंशांत केलेल्या चाचणीचं असतं. हिंगणघाटला विकत घेताना बघायचं ते हे, की पूर्ण वॅट किती तापमानाला देतो, ४० ला की ५० ला. पुढे लाइटचा प्रश्न. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे वीज गेल्यावर एसएमपीएसने साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरायचा असतो. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असला तर दहाएक मिलिसेकंदांत बदल होतो, नॉर्मल मोडवर त्याहून बराच जास्त वेळ जातो आणि पीसी बसतो. हे एक बटण मागच्या बाजूला असतं. कोणी दाबत नाही.

आणि धूळ! हिंगणघाट म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचं गाव. हंगामात हवेत रुईचे तंतू उडत असतात. भावाच्या त्या ब्रँडेड पेटीला पुढून अख्खी काच होती, आत सतरा रंगांचे दिवे, आणि हवा यायला कडेला बोटभर फट. त्या फटीत रुई अशी दाटून बसली होती की उशी भरता आली असती. त्यात उन्हाळ्यात पठ्ठ्याने पेटी कूलरसमोर ठेवलेली, म्हणजे ओली हवा थेट सर्किटवर. ज्याने ती पेटी डिझाइन केली त्याने हिंगणघाट पाहिलेलं नाही, यात त्याचा दोष नाही. पण मग हिंगणघाटची पेटी हिंगणघाटवाल्यानेच ठरवायला नको का?

शाळेत असताना वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आमची सहल जायची (१९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं). चरखेच चरखे, प्रचंड कंटाळा यायचा. पुढे कधीतरी वाचनात आलं की १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचून मी उडालोच. किंमत १५० रुपयांच्या आत. वेळेवर देखभाल केली तर किमान २० वर्षं न थांबता चालला पाहिजे. आणि देखभालीचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अहो, ही तर स्पेसिफिकेशन शीट आहे! भावाच्या पीसीला ती लावा. ७८ हजारांचे ५ टक्के म्हणजे ३,९०० रुपये. कंपनीने मागितले २१ हजार, तेही सव्वा वर्षात.

'असेंबल' म्हणजे स्क्रू स्वतःच पिळले पाहिजेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. दुकानदाराकडून पिळून घ्या. पण यादी आपली हवी. नाहीतर दुकानातही तीच गत. कोटेशनवर प्रोसेसरचं नाव ठळक, ग्राफिक कार्डाचं त्याहून ठळक, आणि खाली बारीक अक्षरात 'एसएमपीएस ५०० वॅट'. कोणाचा? कोणता? "चांगला आहे साहेब, कंप्लेंट नाही येत." जिथे नाव नाही तिथेच पैसे खाल्लेले असतात, हा माझा अनुभव.

माझा स्वतःचा पीसी २०१८ चा, कॉलेजातला. बी४५० बोर्ड, त्यावर रायझन २६००. पुढे त्याच बोर्डाचा बायोस अपडेट केला आणि रायझन ५६०० बसवला. रॅम वाढवली, कार्ड बदललं, बोर्ड आणि कॅबिनेट अजून तेच. जे गेलं ते बदललं, आणि ज्या त्या भागाची वॉरंटी त्या त्या कंपनीकडे. प्रोसेसरची तीन वर्षं, बऱ्या एसएमपीएसची पाच ते दहा.

ज्याच्या घराजवळ सर्व्हिस सेंटर आहे, एसी आहे आणि ज्याला दर तीन वर्षांनी मशीन बदलायचंच आहे, त्याने खुशाल ब्रँडेड घ्यावं. पण तोच सल्ला त्याने गावाकडच्या भावाला देऊ नये. मी दिला होता.

गेल्या दिवाळीआधी सुट्टी टाकून गेलो. शनिवारी बर्डी, रविवारी हिंगणघाट. जुन्या पेटीतला प्रोसेसर, रॅम आणि कार्ड शाबूत होतं. साधा बोर्ड, नावाचा एसएमपीएस, पुढून जाळीचं कॅबिनेट, काढून धुता येणारा फिल्टर. (रॅम नवी घ्यावी लागली नाही हे नशीब.) सगळं मिळून कंपनीच्या आकड्यापेक्षा बरंच कमी. भावाला प्रत्येक वायर स्वतः लावायला लावली. प्रोसेसर बसवताना त्याचा हात असा थरथरत होता की काका उठून बाहेर गेले.

कँटीनमधल्या त्या मित्राने अजून काही घेतलेलं नाही. हिंगणघाटहून मात्र गेल्या आठवड्यात मेसेज आला: "दादा, फिल्टर धुतला. इतली रुई निघाली न, आई म्हने वाती वळू का याच्या."