डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटा मोजा

ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडले जात नाही, अशी तक्रार येते. रिलीज आजच असते. मग पोस्टग्रेसच्या 'लिसन ॲड्रेसेस'समोर सर्व पत्ते खुले करणारी तारका टाकायची, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि पुढच्या कामाला लागायचे, ही सवय आपल्या व्यवसायात घट्ट रुजली आहे. ती मोडायला हवी. होस्ट आणि पोर्ट ठरवताना आपण डेटाबेसपर्यंत कोणी पोहोचावे, हेच ठरवत असतो.

सिंगापूरने अशाच निष्काळजीपणाची किंमत मोजली आहे. २०१८ च्या जून-जुलैमध्ये सिंगहेल्थ या तिथल्या आरोग्यसेवा समूहाच्या सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. तत्कालीन पंतप्रधान ली श्येन लूंग यांचीही माहिती त्यात होती. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमधील सिट्रिक्स सर्व्हरपासून रुग्णनोंदींच्या डेटाबेसपर्यंत एक जोडणी खुली राहिली होती. चोरलेले पासवर्ड घेऊन हल्लेखोर तिथूनच आत गेले. या जोडणीची साधी सुरक्षा तपासणी झाली असती तरी धोका दिसला असता, असे चौकशी समितीने जानेवारी २०१९ मधील अहवालात नोंदवले. संशयास्पद क्वेरी ४ जुलैला हेरल्या त्या डेटाबेस प्रशासकांनीच. त्या सावधपणाला तोड नाही, पण तोवर माहिती बाहेर गेली होती.

मूळ सेटिंगवर विसंबून चालत नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, ५४३२ पोर्टवर लिसन करतो. मायएसक्यूएल ३३०६ वर, मुळात सर्व पत्त्यांवर. उबंटूचे पॅकेज मात्र त्याला १२७.०.०.१ पुरते बांधते. तोच डेटाबेस डॉकरमध्ये चालवून पत्ता न देता पोर्ट प्रसिद्ध केला, तर तो होस्टच्या सर्व पत्त्यांवर उघडतो. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे असलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसून खंडणी मागितली गेली. पोर्टचा आकडा बदलणे हा यावर उपाय नव्हे. स्कॅनर तोही शोधतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सर्व्हरला नेमका खासगी पत्ता द्या. फायरवॉल आणि कोणाला जोडणी द्यायची हे ठरवणारी पोस्टग्रेसची 'पीजी एचबीए' फाइल या दोन्हींत ॲप्लिकेशन सर्व्हरचेच पत्ते ठेवा. प्रत्येक नोंदीशेजारी ती कोणी मागितली, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहा. मुदत संपली की ती नोंद काढा. 'असू दे, कधीतरी लागेल' हे कारण मान्य करू नका. रुग्णाला आपल्या नोंदींचा पोर्ट ठाऊक नसतो. तो सांभाळण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवलेले असते.