सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठपर्यंत मुलं वह्या-पुस्तकं घेऊन बसतात. कोरोनात मोबाइलवर शाळा भरली; पुढे शाळा उघडली तरी तो हातातून सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावानं हा नियम केला. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून आठवण करून देत.

यातलं मोल शिस्तीपेक्षा सोबतीचं आहे. शेजारच्या खोलीत मालिका चालू असताना पोरानं भूमिती सोडवावी, ही अपेक्षाच अन्यायाची. इथं मोठ्यांनीही आपला टीव्ही बंद केला.

शहरात असा भोंगा नाही. कॉलेज, क्लास आणि अर्धवेळ नोकरी सांभाळणाऱ्या मुलीला सलग दीड तास मिळणं मुश्कील. निदान चाळीस मिनिटं तरी घरच्यांनी तिला हाक मारू नये. ‘जरा दूध घेऊन ये’ हे नंतर सांगता येतं.

आणि त्या वेळात नुसती पानं उलटू नयेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. कामावरून परतताना बसमध्ये उभ्या उभ्याही कालच्या धड्यातले मुद्दे असे मनाशी आठवता येतात. त्याला टेबलही लागत नाही.