बंब पाहिजे, पण जागा कोणाला विचारून?

आपल्या पाड्यांच्या मधोमध एक शेड बांधायची, तिच्यात आगीचा बंब, अँब्युलन्स, दोर, पंप, जनरेटर ठेवायचा असं बोलणं तालुक्यात चाललंय. जागा महसूलची, बांधकाम जिल्हा परिषदेचं, सामान आपत्ती व्यवस्थापनाचं. तीन खात्यांचं आपसात जमलं. आपल्याला कोणी विचारलं नाही.

आधीच सांगतो, बंब आम्हाला पाहिजे. फाल्गुन-चैत्रात पाडा पेटला की तालुक्याहून बंब येईस्तोवर घराची राख झालेली असते. बाळंतीण बाई अजून डोलीत घालून रस्त्यापर्यंत न्यावी लागते. डहाणू-तलासरीत 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा आपले लोक लेकरंबाळं घेऊन थंडीत घराबाहेर झोपले. सामान जवळ पाहिजे हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पण दाखवलेली जागा कोणती? आपलं गुरचरण आणि त्याला लागून सामूहिक वनहक्कातलं मोहाचं रान. कागदावर लिहिलंय 'सरकारी पड'. रस्त्याच्या पलीकडे सरकारी डेपो किती वर्षं कुलूप लावून पडलाय, तो कोणाला दिसत नाही. एका खात्याने दुसऱ्याला जागा द्यायची म्हटली की आपलं कंपाउंड कोणी सोडत नाही, आमचं रान सोडतात.

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. गावाच्या 13 कामांसाठी वनजमीन देता येते: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची सोय, समाजमंदिर अशी. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. त्या यादीत बंबाची शेड नाही. उद्या दवाखान्याच्या नावाने कागद आला तर सही करायच्या आधी वाचून घ्या.

'आपत्ती आहे, थांबता येत नाही' असंही सांगतील. 2005 च्या आपत्ती कायद्यात जागा, गाडी ताब्यात घ्यायचा अधिकार आहे, खरं आहे. पण तो बचावाच्या कामापुरता, गरज असेल तोवर, आणि त्याची भरपाई द्यावी लागते. पुरात शाळेत लोक ठेवतात, पूर ओसरला की शाळा परत मिळते, तसा. कायमची शेड त्यात बसत नाही.

सरपंचाची नाहरकत म्हणजे ग्रामसभा नव्हे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद पाहिजेत, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. ठरावात पहिली मागणी कुलूपबंद डेपोची लिहा. तो खरंच चालत नसेल तरच पुढचं बोलणं. मग किती गुंठे, हद्द कुठून कुठे, गाडी कोणती, ड्रायव्हर रात्री कुठे राहणार, डिझेल कोण भरणार, चावी पाड्यात कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. गाडी हलवली तर जागा ग्रामसभेकडे परत, हेही लिहा. नाहीतर बंब राहील तालुक्याला आणि शेडमध्ये ठेकेदाराचं सिमेंट.

मोजणीला माणूस आला तर त्याला पाणी द्या, पण ठराव होईस्तोवर खुंटी ठोकू देऊ नका. सभेला येताना वनहक्काचा नकाशा आणि दाव्याची नक्कल घेऊन या.