पाठकोरे कागद आणि बिनकागदी कारभार

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मग सोसायटीच्या कामात अडकलो. धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. पण जे लिहायचं होतं ते थोडं स्वतःच्याच विरुद्ध होतं, म्हणून हात रेंगाळत होता.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं. रिटायर्ड मास्तर म्हटलं की लोक सेक्रेटरीपद गळ्यात घालतात, तसंच माझंही झालं. २०२३ साली मी कमिटीत ठराव मांडला की आता कागद बंद. नोटिसा, महिन्याची बिलं, वार्षिक अहवाल, सगळं व्हॉट्सॲपवर आणि ई-मेलवर पाठवायचं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. जिन्याखालच्या काचेच्या फलकातल्या जुन्या नोटिसा मी काढल्या आणि तिथे एकच चिठ्ठी लावली, 'कागद वाचवा, झाडे वाचवा'. अक्षर माझंच. त्याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

ही कागदाची काळजी मला आजची नाही. १९७४ साली शाळेत लागलो तेव्हा ऑफिसात एक सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. मेणचट स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, चूक झाली तर बाटलीतला लाल द्रव लावून फुंकर घालायची, वाळला की त्यावरच पुन्हा लिहायचं. एक प्रश्नपत्रिका कापायला तास जाई. मग शिपाईमामा रुळाला शाई लावून हँडल फिरवीत आणि चेहराही शाईचा करून घेत. इतका खटाटोप असल्यामुळे कुणी उगाच स्टेन्सिल कापत नसे. मुख्याध्यापक आधी विचारायचे, "किती प्रती? आणि कुणाला?" आमच्या शाळेचं पर्यावरण खातं ते एवढंच.

आणि पाठकोरे! एका बाजूला छापलेला, पाठीवर कोरा असा प्रत्येक कागद कपाटात जमा व्हायचा. वार्षिक परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांमधली उरलेली कोरी पानं काढून, दोऱ्याने शिवून कच्च्या वह्या होत. माझी पाठटिपणं कित्येक वर्षं पाठकोऱ्यांवरच होती. 'पाठकोरा' हा शब्दच आता ऐकू येत नाही. माझ्या नातीला सांगितला तर म्हणाली, "आबा, म्हणजे वन-साइडेड?" असो.

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं असंही नाही. शाईने भरलेली फडकी आम्ही शाळेच्या मागे खुशाल जाळत होतो.

पुढे झेरॉक्स आलं, मग संगणक आला, प्रिंटर आला. आणि हँडल फिरवायचे कष्ट गेले, तसा 'किती प्रती?' हा प्रश्नही गेला. 'पेपरलेस ऑफिस'चं भाकीत जुनं आहे. १९७५ साली 'बिझनेस वीक' या अमेरिकन साप्ताहिकाने भविष्यातल्या ऑफिसवर लेख छापला होता, तेव्हापासून ते ऐकू येतं आहे. त्यानंतर ऑफिसांमधून कागदाचे जे ढीग निघाले ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. सोसायटीतसुद्धा मी पीडीएफ पाठवू लागलो तर काही जणांनी ती घरच्या प्रिंटरवर रंगीत छापून घेतली, एकेका बाजूला! ऑडिटरनेही "छापील प्रती द्या" म्हणून सांगितलं.

पण अभिमानाला खरा धक्का बसला तो २०२५ साली.

लिफ्ट दुरुस्तीला काढायची होती. प्रत्येक बिऱ्हाडाला चोवीस हजार. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांनी १५ जूनपर्यंत लेखी अर्ज द्यावा, तीन हप्ते करून मिळतील, असं ठरलं. नोटीस मी स्वतः टाइप केली, ग्रुपवर टाकली, ई-मेल केली, आणि झोपलो.

तळमजल्यावर आमच्या वहिनी राहतात. म्हणजे नात्याच्या नव्हेत, त्यांचे यजमान माझे मित्र, ते गेल्याला बरीच वर्षं झाली. वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ग्रुपमध्ये त्यांच्या मुलाचा नंबर आहे, पण तो अमेरिकेत, आणि आमच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांना कंटाळून त्याने ग्रुपचा आवाज कधीच बंद करून ठेवलेला. वहिनींना ही गोष्ट कळली ती वॉचमनकडून, तीसुद्धा अर्धवट, की महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर व्याज लागणार. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बँकेतली मुदतठेव मोडली आणि चोवीस हजारांचा चेक माझ्या हातात आणून दिला. हप्त्यांचं मी बोललो तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं.

रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, फळ्यावर लावलं असतंत तरी वाचलं असतं मी. रोज सकाळी दूध घ्यायला तिथूनच तर जाते."

फळ्यावर तेव्हा काय होतं? माझी ती चिठ्ठी.

लिफ्टसुद्धा कुणाला हवी होती? तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला नव्हे! तरी पैसे त्यांनी वेळेत दिले.

त्या रात्री मी पाठकोऱ्यावर (अजून वापरतो) हिशोब मांडला. मी नक्की वाचवलं किती? बिलं महिन्याला एक, म्हणजे वर्षाला ५७६ कागद. नोटिसा साधारण दहा, त्यांचे ४८०. अहवाल सोळा पानी, एकाच बाजूला छापायचो, त्याचे ७६८. एकूण १८२४. नेहमीचा ए-फोर कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ७५ ग्रॅम, आणि एका चौरस मीटरात ए-फोरचे सोळा कागद बसतात. एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आत. सगळा मिळून साडेआठ किलो. अठ्ठेचाळीस घरांचा, वर्षाचा. आमच्याकडची वर्तमानपत्रांची रद्दी काही महिन्यांत त्याहून जास्त भरते.

साडेआठ किलो म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही. कागदाला लाकूड किंवा बांबू लागतो, पाणी लागतं, वीज लागते. पण 'एक कागद म्हणजे एवढं झाड' हा हिशोब मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवला तो फारच भाबडा होता. आपल्याकडे कागद रद्दीपासून होतो, उसाच्या चिपाडापासून होतो, शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीपासून होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या गिरणीला बांबू लागे तो जंगलातून जाई, आणि ज्यांच्या उंबऱ्याशी ते जंगल त्या माणसांना मात्र बांबू तोडून विकायचा हक्क नव्हता. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव त्यासाठी झगडलं. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू बाहेर नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तेव्हा कागदाच्या हिशोबात नुसती झाडं धरून भागत नाही, माणसंही येतात. मी ज्या हिशोबात झाडं धरली त्यात वहिनी धरायच्या राहिल्या.

आता दुसरी गोष्ट, ती याहून मोठी आहे असं माझं मत आहे.

२०२५च्या दिवाळीनंतर कमिटीने सोसायटीच्या ऑफिसातला संगणक बदलला. कारण काय, तर विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि पुढचं विंडोज आमच्या संगणकावर चढत नव्हतं, त्याला नव्या प्रकारची सुरक्षा-चिप लागते. आमचा संगणक चांगला चालत होता. महिन्याची बिलं आणि चार पत्रं, याहून त्याला काम काय? पण नवा आला, त्याच्याबरोबर "सवलतीत मिळतोय" म्हणून नवा प्रिंटरही आला, आणि जुने दोन्ही भंगारवाल्याने सहाशे रुपयांत उचलून नेले. त्या बैठकीत मीही होतो. मीही हात वर केला.

नंतर नात सुट्टीला आली. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "आबा, त्यात लिनक्स टाकलं असतं की मी. फुकट मिळतं. अजून पाच वर्षं चालला असता."

मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

खरं आहे. तिच्याकडूनच मग पुढचं शिकलो. संगणक घरात विजेवर चालतो त्यापेक्षा तो घडवण्यातच पर्यावरणाचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिपा बनवणं, हे सगळं आपण विकत घेण्याआधीच झालेलं. म्हणजे चालतं यंत्र टाकून 'कमी वीज खाणारं' नवं आणणं यात बहुतेक वेळा बचत नसतेच. बरं, टाकलेलं जातं कुठे? ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ साली निघाले, २०१६ला बदलले, आणि २०२२चे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. उत्पादकाने जुना माल नोंदणीकृत कारखान्यात रीतसर मोडून घ्यायची जबाबदारी उचलावी असं त्यात आहे. पण आमचा संगणक हातगाडीवरून गेला. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमधून तांब्यासाठी वायरी जाळतात आणि सर्किटं ॲसिडात बुडवतात, तो धूर तिथली माणसं श्वासात घेतात. आमचा कुठे गेला, देव जाणे. पावती कुणी मागितली नाही. साडेआठ किलो कागद वाचवणाऱ्या कमिटीने बारा-पंधरा किलोचं यंत्र असं घालवलं.

घरोघरच्या प्रिंटरबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्या नातेवाइकांत ही हौस फार आहे (कुणाला टोमणा लागला तर लागू दे). महिन्यातून दोन पानं छापायची आणि इंकजेट घ्यायचा. शाई वाळते, मग यंत्र स्वतःचं तोंड धुतं, त्यात निम्मी शाई आतल्या स्पंजात जाते, आणि नवं कार्ट्रिज आणावं लागतं. लेसरचं वेगळं. त्याची पावडर कागदावर वितळवायला आतला रूळ तापवावा लागतो, वीज जाते ती तिथे. एका कागदासाठी तो तापवणं म्हणजे एका कप चहासाठी बंब पेटवणं. त्यापेक्षा कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान! एक यंत्र, दिवसभर तापलेलं, शेकडो माणसांचं काम करतं, बिघडलं तर दुरुस्त होतं, कार्ट्रिज पुन्हा भरून वापरतात. इतकी शहाणी व्यवस्था आपल्या गल्लीत असताना घराघरात एकेक डबा कशाला? आमच्या ऑफिसातला नवा प्रिंटर सध्या प्लास्टिकच्या टोपीखाली बसून आहे.

तर मी काय केलं ते सांगतो. एका रविवारी वही घेऊन अठ्ठेचाळीस घरं फिरलो आणि विचारलं, "कागद हवा कुणाला?" नऊ घरांनी हवा म्हणून सांगितलं. बाकीच्यांना खरंच नको होता. नव्या हिशोबात या नऊ घरांना बिल आणि नोटीस अर्ध्या कागदावर, अहवाल दोन्ही बाजूंनी. बिलांचे ५४ कागद, नोटिसांचे ४५, अहवालाचे ७२. एकूण १७१, म्हणजे आठशे ग्रॅम. फलकावर प्रत्येक नोटीस पुन्हा लागू लागली. संगणक आणि प्रिंटर मोडेपर्यंत बदलायचे नाहीत, आणि मोडले तर नोंदणीकृत ठिकाणी देऊन पावती फाइलला लावायची, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. खजिनदार विरोध करणार. "साहेब, काळाबरोबर राहायला हवं," हे त्यांचं वाक्य मला आत्ताच ऐकू येतं आहे. तीन-चार मतांनी पडेल असा माझा अंदाज आहे. तरी मांडणार.

गेल्या आठवड्यात पहिली नोटीस घेऊन वहिनींकडे गेलो. टाकी धुण्याची होती. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

"भाऊजी, हे अक्षर मुंगीएवढं आहे हो. कागद वाचवलात ते कळलं. पण मी वाचू कशी?"

घरी येऊन पाठकोऱ्यावरचा हिशोब दुरुस्त केला. नऊ घरांच्या नोटिसा पूर्ण कागदावर, मोठ्या अक्षरात. १७१ऐवजी २१६. किलोला तेरा ग्रॅम जास्त.

टाकी धुण्याची नोटीस दुपारी पुन्हा छापून दिली. झेरॉक्सवाल्याने दोन रुपये घेतले. पहिली, मुंगीच्या अक्षरातली, वहिनींनी परत दिली नाही. तिच्या पाठीवर त्यांनी दुधाचा हिशोब लिहायला घेतला होता.