पानांचा रस आणि भट्टीचा हिशेब

भिलाईतील पावर हाउस या भागाच्या नावातच वीज आहे. देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये ‘हरित’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या नॅनोनलिकांना पहिला प्रश्न विजेचाच विचारला पाहिजे: किती लागली, आणि कोठून आली?

पानांचा अर्क वापरला की पदार्थ पर्यावरणस्नेही ठरतो, हा समज आता रूढ झाला आहे. सुमारे दोन दशकांपूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने जिरेनियम आणि कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण घडवले. ते काम मोलाचेच होते, कारण चांदीच्या आयनांचे क्षपण करून धातू मिळवणे अर्कातील रेणूंना खरोखर साधते. ऑक्साइडची गोष्ट निराळी आहे. टायटेनियम डायऑक्साइड घडवण्यास क्षपणाची गरजच नसते. शिवाय अशा बहुतेक कृतींत मिश्रण शेवटी शेकडो अंशांवर भाजले जाते. पानांतील सेंद्रिय अंश भट्टीत जळतो आणि मथळ्यात तेवढा उरतो. हाती येतात तेही बहुधा कण; नळी नव्हे.

नळी घडवण्याचे रुळलेले मार्ग सोवळे नाहीत. १९९८ साली जपानच्या कासुगा व सहकाऱ्यांनी टायटेनियम डायऑक्साइडची भुकटी तीव्र कॉस्टिक सोड्यात ११० अंशांवर २० तास ठेवून नलिका मिळवल्या. पुढे आम्लाने व पाण्याने धुणे आलेच. ॲनोडीकरण खोलीच्या तापमानाला होते, पण त्यात सहसा फ्लुओराइड लागते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल तर त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. हा धोका मथळा लिहिणाऱ्याला नसतो; तो पात्र हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला आणि मोरी धुणाऱ्या कामगाराला असतो.

त्याच १९९८ साली अनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. नवीकरणीय कच्चा माल हे त्यांतील केवळ एक. कचरा मुळातच न होऊ देणे, ऊर्जा वाचवणे, अपघात टाळणे हीही तितकीच बंधनकारक आहेत. एक पाळून बाकीची विसरणाऱ्याने ‘हरित’ हा शब्द उसनाही घेऊ नये.

म्हणून अशा प्रत्येक दाव्यासोबत एक ग्रॅम नलिकेमागे खर्ची पडलेली वीज, पाणी, अल्कली आणि धुवणाचे पुढे काय झाले, हे छापले जावे. तोच सोडा पुन्हा वापरणारी किंवा फ्लुओराइड टाळणारी कृती या हिशेबात उजळून निघेल. १९५९ पासून झोतभट्टी पेटलेल्या भिलाईला भट्टीची किंमत ठाऊक आहे. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशाची. तिच्यावर तापलेली भट्टी कडुनिंबाच्या पानाने झाकली जात नाही.